मधुमेह असलेल्या मुलांना मैदानाच्या कडेला बसवू नका : मुख्याध्यापक आणि क्रीडाशिक्षकांना खुलं पत्र

सन्माननीय मुख्याध्यापक आणि क्रीडाशिक्षक,

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडली की कुठल्या ना कुठल्या वर्गात एखादे पालक डॉक्टरांच्या कागदांची फाइल घेऊन येतात. मुलाला टाइप १ मधुमेह आहे, दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं, असं सांगतात. वर्गशिक्षक मन लावून ऐकतात, मधल्या सुट्टीआधी काही खावंसं वाटलं तर खाऊ दे म्हणतात, आणि निघताना अगदी आपुलकीनं सांगतात, "पी.टी.ची काळजी करू नका, त्याला आम्ही बसवून ठेवू." पालकांनाही हायसं वाटतं. त्या दिवसापासून ते मूल मैदानाच्या कडेला, इतरांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या राखत बसतं. फार तर गुण लिहायची वही त्याच्या हातात येते.

मी अशा एका मुलीची आई आहे. मुलगी आठवीत आहे आणि खो-खो खेळते. आधीच्या शाळेत तीही कडेला बसायची. आताच्या शाळेत ती संघात आहे, कारण तिथल्या सरांनी एक दुपार काढून हा आजार समजून घेतला. त्या दुपारी त्यांनी जे शिकून घेतलं ते आपणा सर्वांपर्यंत पोचावं, एवढ्यासाठी हे पत्र. ज्या भीतीनं आपण या मुलांना बसवता ती भीती खोटी नाही, हे मला ठाऊक आहे. खेळताना साखर उतरते, मूल चक्कर येऊन पडू शकतं, आणि पडलं तर जबाबदारी शाळेची. पण खेळ बंद करून ती भीती जात नाही. ती फक्त शाळेच्या वेळेबाहेर ढकलली जाते. संध्याकाळी हेच मूल गल्लीत सायकल पळवतं, गणपतीत नाचतं, मामाच्या गावी विहिरीत पोहतं. मग निदान शाळेत तरी त्याला सुरक्षितपणे खेळायला शिकवणारं कुणी असावं.

आपल्या देशात ही मुलं थोडी नाहीत. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अहवालानुसार भारतात वीस वर्षांखालची टाइप १ असलेली मुलं सुमारे २ लाख २९ हजार होती, आणि हा आकडा जगात सर्वांत मोठा आहे. आज आपल्या शाळेत असं मूल नसेल, तर पुढच्या वर्षी येईल. कदाचित आत्ताही असेल आणि आपल्याला सांगितलेलं नसेल. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण तो शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतो. "एवढ्या लहान वयात शुगर? गोड फार खायची का?" आजी-आजोबांना होतो तो मधुमेह आणि मुलांमधला टाइप १ हे दोन निरनिराळे आजार आहेत. टाइप १मध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर कमी करणारं संप्रेरक तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्यानं, आळसानं किंवा आईबापांच्या हलगर्जीपणानं हा आजार होत नाही. या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ उरतच नाही, म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं, रोज, जन्मभर. जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी हा आजार झालेली मुलं वाचत नसत. त्यानंतर चारच वर्षांनी, १९२६मध्ये, स्वतः मधुमेही असलेल्या आर. डी. लॉरेन्स या ब्रिटिश डॉक्टरांनी लिहून ठेवलं की व्यायाम केला की इन्सुलिनचा परिणाम वाढतो. म्हणजे मैदानावर काय घडतं हे वैद्यकाला जवळपास शंभर वर्षं माहीत आहे.

घडतं ते असं. आपण पळायला लागलो की स्नायू रक्तातली साखर भराभर ओढून घेतात, त्यासाठी त्यांना नेहमीइतक्या इन्सुलिनची गरजही पडत नाही. निरोगी मुलाचं शरीर हे ओळखतं आणि लगेच इन्सुलिन कमी करतं, यकृत साठ्यातली साखर सोडतं, आणि मूल तासभर पळालं तरी रक्तातली साखर फारशी हलत नाही. माझ्या मुलीचं इन्सुलिन मात्र सकाळी पेननं, म्हणजे पेनसारख्या दिसणाऱ्या इंजेक्शननं, पोटात टोचलेलं असतं. एकदा टोचलेला डोस परत काढून घेता येत नाही. ती पळू लागते तेव्हा स्नायूही साखर खेचतात आणि सकाळचं इन्सुलिनही आपलं काम करतच राहतं. म्हणून साखर पडते. एवढं एक नीट कळलं की पुढच्या साऱ्या काळज्या आपल्याला पाठ कराव्या लागणार नाहीत, त्या आपोआप सुचतील.

उदाहरणार्थ, खेळायच्या आधी तपासायचं. बोटाला बारीक सुई टोचून ग्लुकोमीटरच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेतला की काही सेकंदांत आकडा दिसतो. आमच्या डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादा अशा आहेत : आकडा ९०च्या खाली असेल तर आधी केळं किंवा दोन बिस्किटं खायची, थोडं थांबायचं, मग मैदान. २५०च्या वर असेल तर किटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी घातक द्रव्यं) तपासायचे, आणि किटोन निघाले तर त्या दिवशी खेळ नाही, पालकांना फोन. मधल्या आकड्यांना बिनधास्त पळायचं. प्रत्येक मुलाच्या मर्यादा त्याचे डॉक्टर ठरवतील. त्यांनी लिहून दिलेला कागद क्रीडाशिक्षकांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला की झालं.

साखर ७०च्या खाली गेली की तिला आम्ही 'लो' म्हणतो. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, ओठ पांढरे पडतात, भूक लागते. पण मैदानावर सगळीच मुलं घामाघूम असतात, मग ओळखायचं कसं, असं आपण विचाराल. आमच्या सरांनी ते कसं ओळखलं ते सांगते. सराव चालू होता, मुलगी पाटीवर बसलेली. पाठीमागून खो मिळाला आणि ती उठायला किंचित उशीर करून उठली, आणि उठली तीही खांद्याची दिशा एकीकडे आणि पाऊल दुसरीकडे. इतर कुणी असं केलं असतं तर सरांनी शिट्टी वाजवून फाऊल दिला असता. तिच्या बाबतीत त्यांनी सराव थांबवला, कारण ती असा फाऊल करणारी मुलगी नव्हे, हे त्यांना माहीत होतं. मीटरवर ६१ आले. तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून दिलं, झाडाखाली बसवलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, आकडा ९८ झाला. दोन बिस्किटं खाऊन ती पुन्हा पाटीवर गेली. ना कुणी ओरडलं, ना रिक्षा बोलावली, ना मला ऑफिसातून धावत यावं लागलं. संध्याकाळी सरांचा साधा मेसेज आला, "आज एक लो झाली होती, रात्री लक्ष ठेवा."

तीन चमचे ग्लुकोज आणि पंधरा मिनिटं, उपचार एवढाच. ग्लुकोज नसेल तर साखरेचं पाणी किंवा अर्धा पेला फळांचा रस चालतो. चॉकलेट, लाडू, पेढा नको, कारण त्यांतल्या तुपामुळे किंवा चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. 'लो' झालेल्या मुलाला एकट्याला वर्गात, ऑफिसात किंवा घरी पाठवायचं नाही, जिन्यातच ते कोसळू शकतं. क्वचित मूल बेशुद्ध झालंच, तर तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवायचं आणि १०८ला फोन लावायचा. हे वाचून छातीत धस्स होत असेल, तर एवढंच सांगते की ज्या शाळेत मूल 'लो'ची पहिली चाहूल मोकळेपणानं सांगू शकतं, तिथे गोष्टी सहसा बेशुद्धीपर्यंत पोचत नाहीत. "सर, मला कसंतरी होतंय," हे वाक्य म्हणायला त्याला भीती वाटता कामा नये. "काय सारखी नाटकं," असं एकदा जरी कानावर पडलं, तरी पुढच्या वेळी ते मूल गप्प बसून पळत राहील. सगळ्यात मोठा धोका तो आहे.

आता दोन गोष्टी अशा लिहिते, ज्या पालक सहसा बोलून दाखवत नाहीत.

पहिली गोष्ट वेळापत्रकाची. ज्या दिवशी पी.टी.चा तास असतो, त्या दिवशी आम्ही सकाळचं इन्सुलिन थोडं कमी देतो किंवा डब्यात अर्धी पोळी जास्त देतो. ते गणित आदल्या रात्री मांडलेलं असतं. आणि मग शाळेत घटक चाचणी जवळ आली म्हणून खेळाचा तास गणिताला जातो. इतर मुलांचा नुसता विरस होतो. आमच्या मुलीची साखर मात्र दुपारी तीनशेला टेकते, डोकं जड होतं, सारखं लघवीला जावं लागतं, आणि ज्या गणितासाठी तास घेतला ते गणितही तिच्या डोक्यात शिरत नाही. उलटही होतं. पाहुणे येणार म्हणून अचानक लेझीमची तालीम लागते, मुलं उन्हात दीड तास नाचतात, आणि इन्सुलिन मात्र बसून राहण्याच्या दिवसाचं दिलेलं असतं. तास बदलू नका असं मी म्हणणार नाही, शाळेच्या अडचणी मला कळतात. आदल्या संध्याकाळी पालकांच्या गटावर एक ओळ टाका. त्या ओळीवर आमची रात्र आणि तिचा दिवस अवलंबून असतो.

दुसरी गोष्ट शिक्षेची. "मैदानाला पाच फेऱ्या मार," "वीस उठाबशा काढ." शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं शारीरिक शिक्षेला केव्हाच बंदी घातली आहे, तरी मैदानावरच्या फेऱ्यांना कुणी शिक्षा समजत नाही. जेवणाच्या आधीच्या तासाला, पोटात काही नसताना आणि सकाळच्या इन्सुलिनचा जोर असताना मारलेल्या या फेऱ्या मधुमेही मुलासाठी सर्वांत धोक्याच्या, कारण त्यांची कुणी कसलीच तयारी केलेली नसते. गंमत अशी की ज्या मुलाला खेळाच्या तासाला 'तब्येतीमुळे' बसवलं जातं, तेच मूल उशिरा आल्याबद्दल फेऱ्या मारताना मी पाहिलं आहे. त्या मुलाला तेव्हा कुणी थांबवलं नाही, आणि त्याच्या आईला ते कळलंही नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळा आणि आश्रमशाळा यांच्याबद्दल इथेच लिहायला हवं. आमच्याकडे दंडावर लावायचा सेन्सर आहे, तो दर काही मिनिटांनी साखर दाखवतो. अशा सेन्सरला महिन्याला हजारो रुपये लागतात. शेतमजुराच्या मुलाकडे तो नसतो, मीटरच्या पट्ट्याही मोजून वापराव्या लागतात. त्याला बहुधा सकाळ-संध्याकाळ असं दोनदा मिश्र इन्सुलिन (लवकर आणि सावकाश काम करणारं एकत्र) दिलेलं असतं, आणि सकाळच्या डोसचा जोर भर दुपारी चढतो. म्हणजे शालेय पोषण आहाराची खिचडी त्याच्यासाठी औषधाइतकीच वेळेवर हवी. गॅस संपला, स्वयंपाकाच्या मावशी उशिरा आल्या, खिचडीला अर्धा तास लागणार असेल, तर त्या एका मुलाला आधी काहीतरी खायला द्या. आणि त्या शाळेत खेळाचा तास जेवणाआधी न ठेवता जेवणानंतर थोड्या वेळानं ठेवला, तर पट्टी न लावताही निम्मा धोका टळतो. शाळेच्या प्रथमोपचार पेटीत एक ग्लुकोमीटर, पट्ट्यांची एक डबी आणि ग्लुकोजची दोन पाकिटं एवढं ठेवलं, तर क्रीडासाहित्याच्या खर्चात ते सहज बसतं. पट्ट्यांच्या डबीवरची मुदत तेवढी पाहायची. विदर्भ-मराठवाड्यातल्या शाळांना आणखी एक सांगणं : इन्सुलिन तीस अंशांच्या वर फार काळ राहिलं की त्याचा गुण कमी होतो. एप्रिलच्या उन्हात मैदानावर दप्तरं ठेवलेली असतात, त्यातलं हे एक दप्तर सावलीत, माठाशेजारी ठेवू द्या.

सामन्याच्या दिवशी आणखी एक उलटसुलट प्रकार होतो, त्यानं आम्हीही सुरुवातीला चक्रावलो होतो. तालुका स्पर्धेत ती संरक्षणाला उतरण्याआधी साखर १३० होती. दोन डाव जीव तोडून पळाल्यावर ती उतरायला हवी होती, तर २४०! याचं कारण ॲड्रेनलिन, ताणाच्या वेळी शरीरात स्रवणारं संप्रेरक. चुरशीच्या सामन्यात, अंगावर येणाऱ्या खेळाडूला हुलकावणी देताना, शरीर यकृतातली साखर भसाभस रक्तात ओततं. असा आकडा पाहून घाईनं जादा इन्सुलिन द्यायचं नसतं. सामना संपून मन निवलं की साखर आपोआप खाली येते, आणि रात्री तर फारच खाली येते, कारण दिवसभर रिकामे झालेले स्नायू रात्रभर आपला साठा भरत असतात. दुपारी खेळलेल्या दिवशी मध्यरात्रीनंतर साखर पडण्याची भीती म्हणूनच असते. घरी आम्ही झोपताना दूध देतो, गजर लावून उठून पाहतो. आज ती किती खेळली हे सरांनी कळवलं नाही, तर आम्हाला अंदाज करावा लागतो, आणि या आजारात अंदाज महागात पडतो.

किल्ल्याची सहल ही तऱ्हा आणखी वेगळी. खो-खोत झटपट पळणं आणि बसणं आलटून पालटून असतं. गड चढताना तीन-चार तास संथ पण सलग श्रम असतात, आणि त्यात साखर धीम्या गतीनं पण सतत उतरत जाते. दर अर्ध्या-पाऊण तासानं राजगिऱ्याची वडी किंवा केळं असं काहीतरी हवं. इन्सुलिन आणि मीटर मुलाच्या पाठीवरच्या पिशवीत असावं, खाली उभ्या केलेल्या बसमध्ये नको. एवढी व्यवस्था असेल तर तिला सहलीला न नेण्याचं काहीच कारण राहत नाही. तरीही "रिस्क नको" म्हणून दरवर्षी या मुलांची नावं कटतात, हमीपत्र भरून दिलं तरी कटतात.

या सगळ्या खटाटोपाचं फळ काय, असं आपण विचारलंत तर तो प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या प्रत्येक मुलाला रोज सरासरी एक तास घाम येईल अशी हालचाल सांगते, आणि मधुमेही मुलांना त्यातून वगळलेलं नाही. त्यांच्यासाठी ती अधिकच गरजेची आहे. नियमित खेळणाऱ्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन जास्त चांगलं काम करतं. पुढे तिशी-चाळिशीत या रुग्णांना हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे विकार लवकर गाठतात, त्यापासून राखण करणाऱ्या गोष्टींत व्यायाम वरच्या क्रमांकावर आहे. ही झाली डॉक्टरांची बाजू. आई म्हणून मी जे पाहते ते असं : दिवसातून चार सुया, प्रत्येक घासाचा हिशेब, वाढदिवसाच्या केकपुढे बोट टोचून घेणं, एवढं सगळं सोसणाऱ्या मुलीला आपलं शरीर हे नुसतं आजाराचं घर वाटू लागतं. मैदानावर तेच शरीर तिला खांबाला झेप मारून गडी बाद करून दाखवतं. त्या संध्याकाळी ती इन्सुलिन स्वतःहून, न कुरकुरता घेते.

मोठ्या पातळीवर खेळलेले लोकही समोर आहेत. वसीम अक्रमला १९९७मध्ये, तिशीत, ऐन कारकिर्दीत टाइप १ मधुमेह झाला. त्यानंतर तो सहा वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळला आणि २००३च्या विश्वचषकात त्यानं एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी घेतला. अमेरिकेचा जलतरणपटू गॅरी हॉल धाकटा, याला १९९९मध्ये निदान झालं. दुसऱ्याच वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्यानं मिळवलं, आणि २००४मध्ये अथेन्सला पुन्हा मिळवलं. टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव्हला तर अगदी लहानपणापासून, वयाच्या चौथ्या वर्षापासून हा आजार आहे. टोकियोत त्यानं एकेरीचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. त्याच झ्वेरेव्हला २०२३च्या फ्रेंच ओपनमध्ये कोर्टवर बसून इन्सुलिन घ्यायला अधिकाऱ्यांनी अडवलं होतं, बाहेर जाऊन घे म्हणाले. त्यानं ते जगासमोर बोलून दाखवल्यावर बदल झाला. आमच्या शाळांत मुली इन्सुलिन घ्यायला स्वच्छतागृहात जातात. ओल्या फरशीवर उभं राहून, कुणी दार वाजवेल या धास्तीत, पोटात सुई टोचून घेतात. त्यांच्यासाठी कार्यालयातली एक खुर्ची आणि हात धुवायला साबण एवढं करा.

नियमांचा आधार हवा असेल तर तोही आहे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं २०२३मध्ये सर्व राज्यांना लिहिलं की टाइप १ असलेल्या मुलांना वर्गात आणि परीक्षेतही साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळी खाऊ द्यावं, आणि वैद्यकीय सल्ल्यानुसार खेळांत भाग घेऊ द्यावा. सीबीएसईनं तर २०१७पासूनच बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना गोळ्या, फळं आणि खाणं सोबत नेण्याची मुभा दिली आहे. तेव्हा एखाद्या पालकानं डॉक्टरांचा दाखला आणून मुलाला खेळवा म्हटलं, तर "वरून आदेश नाही" हे उत्तर योग्य ठरत नाही. मोबाइलबंदीचा नियमही इथे आडवा येतो, कारण सेन्सरचा आकडा बहुधा फोनवरच दिसतो. फोन सरांच्या टेबलावर राहू द्या, पण राहू द्या.

आता न सांगितलेल्या मुलांबद्दल, आणि इथे माझं बोलणं आपल्याबरोबर पालकांशीही आहे. मुलीचा मधुमेह कितीतरी घरांत शाळेपासून लपवला जातो. "चार लोकांत झालं की पुढे लग्नाला अडचण," हे वाक्य मला माझ्या जवळच्या माणसांनी ऐकवलं आहे. मग ती मुलगी दप्तरात पेन लपवते, दुपारचा डोस चुकवते किंवा खेळाच्या तासाला रोज नवीन सबब सांगते. अशी एखादी मुलगी आपल्या वर्गात असेल आणि आपल्याला शंका आली, तर तिला सगळ्यांसमोर विचारू नका. बाईंनी एकटीला बोलावून, "मला माहीत असलं तर मी तुला खेळवेन," एवढंच म्हणावं. शाळेला सांगितलं की मूल बसवून ठेवतात, हा अनुभव घरोघरी पसरलेला आहे आणि लपवण्यामागे तोही असतो. ज्या दिवशी शाळा सांगणाऱ्या मुलांना खेळवू लागतील, त्या दिवसापासून पालक न मागता सांगू लागतील, याची मला खात्री आहे.

आपल्याकडे वेळ नाही, साठ-सत्तर मुलांच्या वर्गात एकेकाकडे पाहणं कठीण आहे, पुष्कळ शाळांत तर क्रीडाशिक्षकाचं पदच रिकामं आहे, हे मी जाणते. म्हणून मी मागते आहे ते बेताचंच : वर्षाच्या सुरुवातीला त्या मुलाच्या पालकांबरोबर एक बैठक, तिला खेळाचे सर, वर्गशिक्षक आणि शक्य असेल तर तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकातले डॉक्टर. मीटर कसं वापरायचं ते पालकच दाखवतील. वर्गातल्या दोन मित्रांनाही शिकवा. मुलं हे फार पटकन शिकतात, आमच्या संघातल्या मुली आता तिचा चेहरा पाहून ग्लुकोजची डबी पुढे करतात.

आणि लवकरच तालुका पातळीच्या शालेय स्पर्धा सुरू होतील, चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालचे संघ निवडले जातील. निवड चाचणीच्या दिवशी मधुमेह असलेल्या मुलाचं नाव यादीतून आधीच गाळू नका. त्याला पळायला लावा, वेळ घ्या, खेळ पाहा. निकषात बसत असेल तर संघात घ्या, कमी पडत असेल तर इतर कुणालाही वगळाल तसं वगळा, आणि काय कमी पडलं ते सांगा, म्हणजे ते पुढच्या वर्षीसाठी सराव करेल.

कळावे,

आपली नम्र,
आठवीतल्या एका खो-खोपटूची आई